सेवेरिआनोची शेवटची गिटार

आंगुस्तियास: बेनिग्नोकाका, आरसा असा लांब काय धरताय? दाढी करायची नाहीये, गिटारच्या पोटात बघायचंय.

बेनिग्नो: बघितलं की! तुझ्या बापाचीच आहे. आत लेबल आहे, सही आहे. उद्या संग्रहालयाची बाई गिटार न्यायला आली की सांग, समोरच्या गिटारच्या दुकानातल्या या म्हाताऱ्यानं छातीवर हात ठेवून सांगितलंय. टाक आता कॉफी.

आंगुस्तियास: टाकते. आधी सांगा, आतल्या पट्ट्या कुठल्या हातानं तासल्यात?

बेनिग्नो: हातानं तासल्यात, पायानं नव्हे.

आंगुस्तियास: बाबा डावखुरे होते. या पटाशीच्या खुणा उजव्या हाताच्या आहेत.

बेनिग्नो: म्हातारपणी सुधारला असेल.

आंगुस्तियास: आजीनं हात बांधून ठेवला तरी सुधारले नाहीत, ते!

बेनिग्नो: माणूस बदलतो गं. मी नाही का त्याच्याशी भांडणं सोडलं?

आंगुस्तियास: ते गेल्यावर!

बेनिग्नो: सोडलं ना पण?

आंगुस्तियास: काका, थट्टा पुरे. शेवटी शेवटी त्यांचे हात किती थरथरायचे, मी बघितलंय. उद्या मी खोटं बोलले, तर ते खोटं काचेच्या कपाटात कायमचं बसेल, माझ्या बाबांच्या नावानं. जीव टांगणीला लागलाय माझा. कुणी केली ही?

बेनिग्नो: मला काय ठाऊक?

आंगुस्तियास: राहू द्या. सांध्यांवर सरसाचे असे ओघळ सोडणारा अख्ख्या ग्रानादात एकच माणूस आहे.

बेनिग्नो: ओघळ? माझ्या कामात? कुठाय, दाखव! आण ती गिटार इकडे!

(आंगुस्तियास हसते. बेनिग्नो आरसा हळूच खाली ठेवतो.)

बेनिग्नो: शोभतेस खरी त्याची लेक.

आंगुस्तियास: ओघळ एकही नाही, काका. सुंदर काम आहे.

बेनिग्नो: हात चालेनात, तेव्हा तुझा बाप रोज येऊन माझ्या स्टुलावर बसायचा. “एवढी जाड फळी? दरवाजा करतोयस का?” टिचकी मारायचा, कान लावायचा, “अजून तास.” मी तासायचो. शिव्या देत तासायचो.

आंगुस्तियास: मग उद्या तुमचं नाव सांगते.

बेनिग्नो: खबरदार!

आंगुस्तियास: का? “सेवेरिआनोला नाव, मला भुसा,” असं जन्मभर म्हणत होतात ना?

बेनिग्नो: म्हणत होतो. पण ऐक. तारा चढवल्या तोवर त्याला काही आठवेनासं झालं होतं. गिटार मांडीवर दिली. जरा छेडली, नि डोळे भरून आले त्याचे. मला म्हणतो, “बघ गाढवा, गिटार अशी करतात. तुला जन्मात जमायची नाही.”

आंगुस्तियास: आणि तुम्ही?

बेनिग्नो: म्हटलं, खरंय रे, नाहीच जमायची. माझ्या कामाला त्यानं कधी चांगलं म्हटलं असेल, तर ते तेवढंच. मला पुरलं, पोरी.

आंगुस्तियास: मला नाही पुरत. लेबल राहू दे त्यांचं, पण उद्या त्या बाईला हे सगळं सांगणार. जसं घडलं तसं.

बेनिग्नो: बापासारखीच हट्टी... बरं, सांग. पण ‘गाढवा’ गाळू नकोस. तेवढं तरी नक्की त्याचंच आहे.