परिचारिका दिनाला न लागलेलं चित्र

आदरणीय अध्यक्ष महोदय, मंचावरील सन्माननीय पाहुणे, आमचे वाचक बंधुभगिनी, आणि मागच्या रांगेतून ज्यांना हाताला धरून इथे आणावं लागलं ते आजचे सत्कारमूर्ती, आमचे डिंककाका,

अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. ग्रंथपालाला तेवढी पुष्कळ झाली. एरवी आमचं काम दुसऱ्यांना गप्प बसवण्याचं.

काका इथले बाइंडर. एकतीस वर्षं त्यांनी फाटकी पुस्तकं शिवली. पण तुम्ही त्यांना ओळखता ते दाराजवळच्या काचफलकामुळे. कुठलाही खास दिवस असो, सकाळी तिथे जुनं चित्र नाहीतर चित्रकथेचं पान हजर. टपाल दिनाला सायकलवरून पडलेला पोस्टमन आणि उडालेल्या पत्रांमागे पळणारी अख्खी गल्ली. कामगार दिनाला भोंग्याखाली डबे उघडून बसलेल्या बायका. पुस्तक न घेता, नुसतं चित्र बघून हसत परत जाणारी माणसं मी पाहिली आहेत. हे सगळं काकांनी जुन्या मासिकांतून जमवलेलं. तळघरात चार ट्रंका भरल्या होत्या.

चार वर्षांपूर्वी नूतनीकरण निघालं. काकू आजारी, दवाखान्यात दाखल; काका रजेवर. ठेकेदाराने टाकाऊ सामानाची यादी पुढे केली. त्यात एक ओळ होती, ‘जीर्ण कागद, ट्रंका चार’. ती माझ्या नजरेतून सुटली, असं सांगायला मला आवडलं असतं. मी ती वाचली आणि सही केली.

काकू गेल्या. पंधरा दिवसांनी काका कामावर आले. तळघरातून वर येऊन त्यांनी विचारलं, “मॅडम, ट्रंका कुठे हलवल्या?”

मी सांगितलं. त्यांनी जाऊन बांधणीची खळ शिजवायला ठेवली. मला वाटलं, चला, मिटलं.

त्याच आठवड्यात परिचारिका दिन होता. दुपारी काकूंची शुश्रूषा केलेल्या दवाखान्यातल्या तिघी नर्स आल्या, ड्यूटीच्याच कपड्यांत. फलकाच्या जागी आपली नवी स्क्रीन, तिच्यावर वेळापत्रक फिरत होतं. बराच वेळ थांबून त्यांनी मला विचारलं, चित्र कुठे आहे? सुईला घाबरून कपाटावर चढलेला जाडजूड पेशंट आणि खाली शांतपणे विणत बसलेली नर्स. ते काकूंनी निवडलं होतं, हे मला त्या तिघींकडून कळलं. “यंदा हेच लावा, आणि या पोरींना बघायला बोलवा,” असं त्यांनी काकांना बजावलं होतं.

मी रद्दीवाल्याकडे धावले. तोवर सगळ्याचा लगदा झाला होता.

पुढे वर्षभर जुन्या बाजारांतून मासिकं शोधली. ते चित्र मिळालं नाही. जे मिळालं त्याचा गठ्ठा काकांपुढे ठेवला. त्यांनी एकेक पान उलटलं, एके ठिकाणी हसलेसुद्धा. मग म्हणाले, “चांगली आहेत. पण तुम्हीच लावा, मॅडम. मला आता कुणाला बोलवायचं नाही.”

तेव्हापासून स्क्रीनशेजारी मी लावते. तिरकी लागतात. तरी तुम्ही थांबून बघता, त्याबद्दल आपणा सर्वांचे आभार. आणि वेळ जास्त घेतला, त्याची अध्यक्षांकडे माफी.

भाषणाच्या शेवटी ‘काही चुकलं असल्यास’ म्हणायची रीत आहे. काका, ‘असल्यास’ नाही. चुकलं. तुमच्या टेबलाशेजारून रोज जाताना जे म्हणायला हवं होतं, ते चार वर्षांनी माइकवर म्हणतेय, हेही चुकलंच. क्षमा मात्र मागत नाही. एवढ्या लोकांसमोर मागितली, तर तुम्ही भिडेखातर देऊन टाकाल.