दाजी आणि लेहचं पाणी

येता-जाता कळसूबाई चढणाऱ्या माणसाला कुणी ‘खाटेवर पडून राहा’ म्हटलं तर तो ऐकेल का? आमच्या दाजींनी ऐकलं नाही.

लेहला विमानातून उतरल्या उतरल्या गाइडनं बजावलं होतं, “दोन दिवस नुसता आराम. चढायचं नंतर.”

दाजी मला म्हणाले, “आराम करायला आपलं तिसगाव काय वाईट हुतं?”

दुसऱ्या दिवशी गाइड यायच्या आत मला घेऊन ते डोंगराला लागले. गाइडनं आम्हाला गाठलं तोवर दाजींनी डोकं धरलं होतं, उलटीही झाली होती.

“पित्त हाय,” दाजी म्हणाले.

गाइडनं त्यांना सरळ रेषेत चालायला लावलं. आयुष्यात दारूचा थेंब न घेतलेले आमचे माळकरी दाजी डुलत डुलत माझ्याच अंगावर आले. गाइड हसला नाही. “हे पित्त नाही, उंचावरची विरळ हवा बाधलीय. आत्ताच्या आत्ता खाली. याला तेच औषध.”

दोघांनी धरून खाली आणलं. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

ताईला फोन केला. ती रागावली नाही. म्हणाली, “त्यांना इचार, बाजारातनं नवा बैल आनला तर आठ दिस जुंपत न्हाई तुमी. म्हनता, आधी हितलं पानी मानवू द्या. मग सोताला लगीच का जुंपलं?”

मी दाजींना जसंच्या तसं विचारलं.

दोन दिवसांनी गाइड दारात आला. “बरं वाटतंय ना? निघायचं?”

दाजींनी रजई हनुवटीपर्यंत ओढली आणि मला म्हणाले, “त्याला सांग, बैलाला आजून हितलं पानी मानवलं न्हाई.”