हिरव्या गाडीचा मागचा खण

नाव कागदाच्या माथ्यावर नोंदले आहे, पण मला सगळे मिस्त्री म्हणतात. वय ५३. धंदा गाड्यांची दुरुस्ती व वेल्डिंग, स्वतःचे गॅरेज. शिक्षण सातवी नापास. राहणार गॅरेजच्या माडीवर.

मी पोलीस ठाण्यात समोर बसून सांगतो की, चोरीस गेलेल्या गाडीत पुढील गोष्टी मी माझ्या हातांनी केल्या आहेत: पत्र्याची पूर्ण बॉडी, चारही दारे, सीटा, पेट्रोलचा काटा, किल्लीऐवजी स्टेअरिंगखाली लपवलेले चालू करायचे बटण, आणि मागच्या सीटमागे लहान मुलाला झोपायला एक खण. इंजिन व सांगाडा भंगारातून घेतला. काम सहा वर्षे चालले. हवालदारसाहेबांनी आधी 'जुनी गाडी' असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले. रंग बाटलीसारखा हिरवा. नंबर वेगळ्या कागदावर दिला आहे.

आज रविवारी मी, पत्नी, मुलगी व मुलीची मुलगी, वय चार, घरात तिला भिंगरी म्हणतो, असे फिरायला निघालो. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी हमरस्त्यावरच्या त्या नावाजलेल्या हॉटेलात पोचलो, जिथे गाडीत बसूनच जेवतात. पंचवीस मिनिटे रांगेत गेली. तेवढ्यात भिंगरी खणात झोपली. एक पस्तीसला चौदा नंबरची जागा मिळाली. तिथे पुढचा दिवा लावला की वेटर धावत येतो आणि दाराच्या काचेला ट्रे अडकवतो. आम्ही सूप व सँडविच मागवले. भिंगरीसाठी आइस्क्रीम नंतर सांगू असे ठरले.

गाडी बघायला लोक जमतात, तसे आजही जमले. त्यात एक इसम होता. वय चाळीसच्या आसपास, निळा चौकटीचा शर्ट, उंची माझ्याएवढी, डावा पाय किंचित ओढत चालणारा. त्याने विचारले, "हे शिकलात कुठे?"

मी म्हणालो, "कुठेच नाही. हात शिकतात, डोकं मागून येतं."

तो गाड्यांबद्दल जाणकारासारखा बोलत होता, पण त्याची नखे फार स्वच्छ होती. हे मला तेव्हाच दिसले होते.

पत्नी म्हणाली, "अहो, कौतुक पुरे झालं, सूप गार होतंय. कोणी 'वा' म्हटलं की यांचं पोट भरतं."

त्याने गाडी विकता का असे विचारले. मी नाही म्हणालो. मुलगी हसून म्हणाली, "द्या ना बाबा, आपण बसने जाऊ. बसमध्ये निदान पाय तरी पसरता येतात." नंतर त्या दोघी हात धुवायला गेल्या. तिथेही रांग होती.

दोघी गेल्यावर त्याने विचारले, की किल्लीची जागा दिसत नाही, मग चालू कशी करता. मी बटण दाखवले. चालू करूनही दाखवली. सहा वर्षांत हे बटण मी पत्नीलाही दाखवलेले नाही.

मागचा खण मात्र मी दाखवला नाही. दाखवणार होतो, ते काम मला सगळ्यात जास्त आवडते. पण पोर झोपली होती, ती उठेल म्हणून राहू दिले. त्यामुळे गाडीत मूल आहे हे त्या इसमास माहीत नाही.

मग तो म्हणाला, की मागच्या ओळीत माझी करडी गाडी आहे, इंजिनात एक आवाज येतो, दोन मिनिटे कान लावाल का. बॉनेट उघडेच आहे, तुम्ही व्हा पुढे, मी किल्ली घेऊन आलो, असेही तो म्हणाला. मी उठलो. खणाची बाहेरची खिडकी मी हवेसाठी उघडी ठेवली होती, ती लावली आणि कडी घातली, गर्दीत कोणी आत हात घालू नये म्हणून.

करड्या गाडीचे बॉनेट खरेच उघडे होते. मी वाकून पाहत होतो. ती गाडी दुसऱ्याच गृहस्थांची निघाली, पाणी तापले म्हणून ते बॉनेट उघडून जेवायला बसले होते. तेवढ्यात माझे इंजिन चालू झाल्याचा आवाज आला. तिथे दोनशे गाड्या असतील, पण माझे इंजिन मला ओळखू येते. वेळ दोन वाजून पाच मिनिटे. मी धावलो. चौदा नंबरच्या पुढे वीस पावलांवर ट्रे आणि पेले पडलेले होते.

पत्नी हात पुसत आली. मुलीने एकच विचारले, "बाबा, खणाची खिडकी आतून उघडते ना?" त्याचे उत्तर मी इथे देतो. उघडत नाही. मागच्या महिन्यात भिंगरीने चालत्या गाडीत ती उघडली होती, म्हणून मी कडी बाहेरून बसवली. खण आणि सीटमध्ये सरकती फळी आहे, ती चार वर्षांच्या मुलीला हलत नाही. इंजिनाच्या आवाजाने तिची झोप मोडू नये म्हणून आतून नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा जाड थर, लावला आहे. आत कितीही ठोकले तरी पुढे ऐकू येत नाही. हे मी लोकांना कौतुकाने सांगत असे. हवेसाठी दोन पंखे आहेत. ते इंजिन चालू असेल तरच फिरतात.

साहेबांनी नाक्यांवर कळवले आहे, त्याबद्दल आभारी आहे. पण गाडी नाक्यापर्यंत पोचणार नाही, हे लिहून घ्यावे. पेट्रोलचा काटा मी केलेला आहे आणि तो चुकीचा आहे. टाकी रिकामी झाली तरी तो पाव दाखवतो. मी काट्याकडे बघत नाही, किलोमीटर मोजतो. सकाळी रिकाम्या टाकीत दहा लिटर भरले, एकशे चार किलोमीटर आलो. लिटरला चौदा पडतात. राहिले छत्तीस. म्हणजे गाडी पावणेतीनच्या सुमारास बंद पडली असेल, आणि तो इसम ती उन्हात रस्त्याच्या कडेला सोडून गेला असेल. आता तीन चाळीस झाले आहेत. कृपया नाके सोडून छत्तीस किलोमीटरच्या आतल्या रस्त्याच्या कडा बघाव्यात. झाडाआड, वळणावर, पुलाखाली. हिरवी गाडी दिसली तर पंचांची वाट पाहू नये. आधी डाव्या बाजूची कडी काढावी, ती वर उचलून मग ओढायची असते. नुसती ओढली तर अडकते. अडकली तर काच फोडावी.

लिहिलेले मला मोठ्याने वाचून दाखवले, ते मी बोललो तसेच आहे. एक गोष्ट राहिली होती, ती सहीआधी घालायला सांगितली. त्या इसमाने गाडी विकता का असे विचारले तेव्हा आकडाही सांगितला होता. साडेचार लाख, रोख, जागेवर. मी नाही म्हणालो.