तळाशी तीन चरे

आजोबा : डोळे मीट म्हणतोय ना, चिमटे. मिटलेस? आता कल्पना कर. तू अठरा वर्षांची आहेस. समोरच्या कॉलेजात शिकतेस. वही संपलीय, चपलेचा अंगठा तुटलाय आणि सायकल पंक्चर. या रस्त्यावर आलीस. काय मिळेल?

चिमटी : कॉफी.

आजोबा : शाबास. वही?

चिमटी : वहीचं दुकान गेलं. तिथे कॉफी.

आजोबा : चपला शिवणारे मामा?

चिमटी : तिथे पण कॉफी. पण तिथे मांजरं आहेत.

आजोबा : मांजरं! आणि सायकलवाल्याच्या जागी लोक काळोखात बसून जेवतात. वीज गेली म्हणून नव्हे, हौस म्हणून. उघड डोळे.

चिमटी : आजोबा, वाढदिवस माझा आहे. इथे आल्यावर चांगलंच बोलायचं ठरलं होतं.

आजोबा : बोलतोय की. ही खुर्ची बघ किती चांगली. बसलं की लगेच उठावंसं वाटतं.

चिमटी : मला तरी आवडलं. तुमच्या प्रयोगशाळेसारखंच आहे सगळं. पांढरे कोट, नळ्या, ती स्टँडं...

आजोबा : चौतीस वर्षं मी त्या कॉलेजात पोरांना रसायनाचं सामान दिलं, मोजून परत घेतलं, काच धुतली. तिथे पोरं पांढरा कोट घालायला कां कूं करायची. इथला वाढपी तो घालून पाव आणतो. ‘प्रयोगशाळा कॅफे’ म्हणे! नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. बरं, खऱ्या प्रयोगशाळेचा पहिला नियम काय?

चिमटी : आत काही खायचं-प्यायचं नाही.

आजोबा : बघ. पाटी लावतानाच नियम मोडला. दुसरा?

चिमटी : ‘थांब’ ऐकलं की हात जागच्या जागी. का, ते मागाहून विचारायचं.

मालक : हे घ्या, वाढदिवसाचं खास! चंचुपात्रात निळं सरबत, वर धूर. अहो काका, तुम्ही? ओळखलंत का मला?

आजोबा : दुसरं वर्ष, मागचा बाक. ब्युरेटची नळी तोंडाला लावून शिट्टी वाजवायचास. तिसऱ्या दिवशी फोडलीस.

मालक : काय स्मरणशक्ती! तेव्हाच ठरवलं होतं काका, तुमची लॅब एक दिवस पुन्हा उभी करायची.

आजोबा : केलीस हो. शिकणं तेवढं वगळलंस.

मालक : अजून तस्सेच आहात!

चिमटी : आजोबा, धूर गेला. पिऊ?

आजोबा : थांब!

चिमटी : थांबले. का?

आजोबा : जिभेला लावलंस?

चिमटी : नाही. ओठालाही नाही.

आजोबा : ठेव खाली. हात धुऊन ये साबणानं. आणि तू रे, हे चंचुपात्र उचल. अस्सं, उजेडात. तळाशी काय दिसतं?

मालक : ओरखडे आहेत तीन. जुनी काच आहे काका, अस्सल. लोक त्यावरच तर जीव टाकतात.

आजोबा : ओरखडे नाहीत ते. चरे. कानशीने मी पाडलेत. पारा, शिसं, सोमल, असलं जे जे विषारी, ते फक्त तीन चऱ्यांच्या भांड्यांत. ती भांडी दुसऱ्या कशाला वापरायची नाहीत.

मालक : अहो, उकळत्या पाण्यात धुतो आम्ही. कॅफे उघडून चार दिवस झाले, कुणाला काही झालं नाही.

आजोबा : चार दिवसांत झालं नाही म्हणे! परीक्षेतही तू असाच, वजन न करता उत्तर लिहायचास. आणलीस कुठून?

मालक : कॉलेजच्या लिलावातून. एक खोकं वेगळं होतं, कापसात गुंडाळलेली सात भांडी. वर तुमच्याच अक्षरात चिठ्ठी. ‘जपून. वेगळी ठेवावीत.’ मला वाटलं, काकांच्या खास जिवाभावाची असतील. म्हणून खास गिऱ्हाइकालाच त्यात देतो.

चिमटी : धुतले हात. आजोबा? काय झालं?

आजोबा : फोडायची होती ती, चिमटे. नियम तसाच आहे. नोकरीच्या शेवटच्या दिवशी हातोडी घेऊन बसलो होतो. चौतीस वर्षांत माझ्या हातून एक नळी फुटली नव्हती. हात उचलेना. ‘फोडावीत’ एवढं लिहायचं, तर तेही लिहवेना. म्हणून लिहिलं, जपून.

चिमटी : म्हणजे चूक तुमची?

आजोबा : आधी माझी. मग याची. चल रे, सातही काढ बाहेर.

मालक : काढतो, काढतो. पाच आत फळीवर आहेत. हे सहावं.

आजोबा : सातवं?

मालक : ते... खिडकीजवळच्या टेबलावर. आत्ताच गेलंय. काका, हळू बोला ना. ती मुलगी नव्या हॉटेलांचे फोटो टाकते, सगळं कॉलेज बघतं. तिला काय सांगू, सरबतात विष आहे? मी आधी केक पाठवतो. मग सहज गेल्यासारखं करून ग्लास उचलतो.

आजोबा : केक पाठवतोय! अरे, आग लागल्यावर विहीर खणतोस, तीही नक्षीची? सरक, मी जातो. हात दे. या मेल्या उंच खुर्चीवरून उतरायचं तरी कसं?

मालक : एक मिनिट, काका. निदान काय बोलायचं ते तरी ठरवू.

आजोबा : त्यात ठरवायचं काय? चिमटे, माझी काठी... चिमटे?

(चिमटीची खुर्ची रिकामी.)

चिमटी : ताई, थांबा! हात जागच्या जागी. हसू नका ना, खरंच. तो ग्लास द्या माझ्याकडे. का, ते मागाहून. माझे आजोबा येताहेत सांगायला.