सगळीच माती मऊ

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी मातीची पाहणी करणारे एक सर आणि त्यांची मदतनीस बसले होते.

“डॉक्टर विचारतील, बोटं कधीपासून बधिर झाली. काय सांगू?”

“आठवतंय तेवढं सांगा, सर.”

“कप्पाळ आठवतंय. दुखलं असतं तर कळलं असतं. तीस वर्षं ओली चिमूट बोटांत चोळून मातीचा प्रकार लिहीत आलो. करकरली की वाळू, चिकटली की चिकणमाती, पिठासारखी लागली की गाळाची. हल्ली सगळीच पिठासारखी लागते.”

“हं.”

“टेकडीवरसुद्धा गाळच लिहिला. मला वाटलं, पूर्वी नदी तिथून वाहत असेल.”

“मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं होतं.”

“पहिल्या दिवशी म्हणजे?”

“मग तुम्ही पुढच्या खड्ड्याकडे वळलात की मी त्याच मातीची चिमूट चोळून बघायला लागले.”

“अगं, पण नकाशा तर छापून गेला.”

“नकाशा बरोबर आहे, सर.”

“खाली सही माझी आहे.”

“तुमचीच आहे. चला, नंबर आला. डॉक्टरांना सांगा, मागच्या वर्षी बारा मार्चपासून. टेकडीवरचा तिसरा खड्डा.”