चोर सोडून संन्याशाला

त्वचारोगाच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एक म्हातारा शिंपी आणि त्याची बायको बसली होती. त्याच्या गळ्यात मोजायची टेप तशीच होती. दोघं हळू बोलत होती, म्हणजे सगळ्या खोलीला ऐकू जाईल इतकं हळू.

"तपासायला फोड सोडून शेजारची धडधाकट कातडी कापली डॉक्टरीणबाईंनी. चोर सोडून संन्याशाला सुळी!"

"त्यांनी समजावलं होतं की."

"डॉक्टरांच्या भाषेत."

"मग शिंप्याच्या भाषेत ऐका. वर कापड, खाली अस्तर. तुमचंच अंग मधले टाके उसवतंय. उसवलेल्या जागी पाणी भरतं, तोच फोड."

"मग तोच तपासायचा ना!"

"तिथलं उसवून झालंय. जिथं टाके अजून धरून आहेत, तिथंच उसवणारा सापडतो."

"हं. म्हणजे चोर संन्याशाच्याच घरात."

"सापडला, म्हणून तर गोळ्या लागू पडल्या. आठ दिवसांत नवा फोड नाही."

"मग आज गोळ्या बंद."

"एकदम नाही हो! हळूहळू कमी करायच्या."

"बरं. आणि हा रोग दुसऱ्याला लागतो का, तेवढं विचार."

"पहिल्याच दिवशी विचारलं. नाही लागत."

"अगं, मग सांगायचं नाहीस? दोन महिने बाहेरच्या खोलीत झोपतोय मी!"

"त्यासाठी गेलात होय? मला वाटलं, माझ्या घोरण्याला कंटाळलात."

"त्याच्यावाचून तर दोन महिने डोळ्याला डोळा नाही."