कपाटात सापडलेले मिस्त्री दारू प्यायलेले नव्हते

पुरवणी जबाब

नाव पहिल्या तक्रारीत आहे तेच. ओळखीचे लोक टोपवाल्या बाई म्हणतात. वय ५७ वर्षे. धंदा: केसांचे टोप तयार करणे. राहणार: पोस्टाच्या मागची इमारत, तिसरा मजला.

मी आज सकाळी कोणाचे बोलावणे नसताना आपण होऊन ठाण्यात आले असून जमादारांसमोर बसून सांगते की, परवा संध्याकाळी मी येथे एक तक्रार दिली होती. तीत "सुतार दारू पिऊन माझ्या घरात कपाटात लपून बसला" असे वाक्य आहे. ते वाक्य माझे आहे. ते खरे नाही. काय घडले ते सांगते.

माझ्या घराला दोन खोल्या आहेत. आतल्या खोलीत मी राहते, बाहेरच्या खोलीत काम करते. नाटकवाल्यांसाठी आणि आजारपणात केस गेलेल्यांसाठी मी टोप करते. लाकडी डोक्यावर जाळी ताणायची आणि तिच्यात बारीक आकडीने एकेक केस गाठीने बसवायचा, असे हे काम आहे. त्यामुळे खोलीत डोकी कायम मांडलेली असतात. नवा माणूस दचकतो, मग सवय होते. ती ठेवायला मी भिंतभर कपाट करून घेत होते. काम करणारे मिस्त्री गेल्या आठवड्यापासून येत आहेत. वय पंचेचाळीसच्या आसपास. बोलणे कमी, काम रेखीव. कपाटाला खालच्या अंगाला खोकी ठेवण्यासाठी एक लांब कप्पा असून त्याला सरकते दार आहे. त्यात पाय दुमडून माणूस मावतो. हे आता सगळ्या इमारतीला माहीत आहे.

परवा मिस्त्री आले ते उजवा खांदा धरूनच. नाकही गळत होते. मी विचारले, "काय झालं?" ते म्हणाले, "प्लायवूड जिन्यातून चढवताना खांदा भरला, बाई. गोळी घेतलीय, होईल कमी." मी म्हटले, "मग आज राहू द्यायचं की." ते म्हणाले, "ते दार अडतंय. ते नीट सरकेपर्यंत मला झोप लागायची नाही." झोपेबद्दल त्यांच्याशी माझे एवढेच बोलणे झाले.

दुपारी मला एक टोप नाट्यगृहात पोहोचवायचा होता. "काम आटपलं तर दार ओढून घ्या," असे सांगून मी निघाले. आमचे दार ओढले की आपोआप लागते. परत आले तेव्हा ऊन उतरले होते. खोलीत कोणी नव्हते. हत्यारांची पिशवी नव्हती. कपाटाची दारे बंद होती. मिस्त्री गेले असे धरून मी दिवा लावला आणि कामाला बसले. त्यांच्या चपला जिन्यात होत्या, पण तिथे सगळ्यांच्याच असतात.

थोड्या वेळाने आवाज येऊ लागला. कोणीतरी वरच्या मजल्यावर करवत चालवतेय असे मला वाटले. मग लक्षात आले की आमच्यावर मजलाच नाही, गच्ची आहे. आवाज कपाटातून येत होता. घोरण्याचा होता.

त्या वेळी मी घाबरले होते का, असे जमादारांनी विचारले. ते लिहायची गरज नाही. मी आकडी हातात घेऊन जिन्यात आले आणि खालच्या मजल्यावरच्या सरांना हाक मारली, एवढे लिहावे. आकडी बोटाएवढी असते.

सर निवृत्त पीटी शिक्षक आहेत. ते एका हातात डंबेल आणि गळ्यात शिट्टी घालून वर आले. कपाटाला कान लावून म्हणाले, "एकच आहे." दार सरकू नये म्हणून त्यांनी खाचेत माझा पाट अडकवला आणि पोलिसांना फोन केला. तोवर जिन्यात सगळी बिऱ्हाडे जमली होती.

महिला शिपाई आणि आणखी एक शिपाई आले. पाट काढून दार सरकवले. अगदी अलगद सरकले. आत मिस्त्री पिशवी उशाला घेऊन झोपले होते, छातीवर पेटती बॅटरी होती. महिला शिपायांनी हाका मारल्या, हलवले. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले. समोर ओळीने मांडलेल्या लाकडी डोक्यांकडे पाहून ते म्हणाले, "एवढी मंडळी कशाला जमलीत? बाई, यांना चहा तरी सांगा." जीभ जड होती. उभे केले तर पाय लटपटत होते.

सर म्हणाले, "फुल टाइट आहे."

मी त्यांच्याहून मोठ्याने म्हणाले, "दारू पिऊन पडायला माझंच घर मिळालं का तुला?" आठवडाभर मी त्यांना अहोजाहो करत होते. जिन्यात सगळ्यांनी ऐकले. मग ठाण्यात येऊन तक्रारीवर सही केली.

दारूची तपासणी करायला मिस्त्रींना सरकारी दवाखान्यात नेण्यात आले. ओळख पटवायला मी बरोबर गेले. ओळख कोणी विचारली नाही. त्यांच्या चपला जिन्यातच राहिल्या होत्या, त्या मी पिशवीत घेतल्या होत्या.

ड्युटीवर एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मिस्त्रींना नळीत फुंकायला लावले, डोळ्यांत बॅटरी मारली, घड्याळाकडे बघत श्वास मोजले. मग शिपायांना म्हणाल्या, "दारू नाहीये." आणि मिस्त्रींना म्हणाल्या, "काका, काय काय घेतलंय?"

मिस्त्रींनी खिशाकडे बोट केले. खिशातून तीन पाकिटे निघाली. डॉक्टरांनी ती टेबलावर मांडली.

"ही कुणी दिली?"

"मेहुण्यानं. त्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतरची उरली होती. सकाळी एक घेतली. कमी वाटेना म्हणून लगेच दोन घेतल्या. जेवल्यावर परत दोन."

"आणि ही?"

"ती सर्दीची. दोन घेतल्या."

"आणि ही?"

"ती साधी. अंग दुखलं की घेतो. ती काय, कुणीही घेतं."

तेवढ्यात मिस्त्रींच्या पत्नी आल्या. त्या धुलाईच्या कारखान्यात इस्त्रीवर असतात. कामावरचा एप्रन तसाच होता. आमच्या जिन्यातून कोणीतरी त्यांना फोन केला होता. काय सांगितले असेल ते मला माहीत आहे. त्या दारातच थांबल्या. नवऱ्याकडे पाहिले नाही. डॉक्टरांना म्हणाल्या, "परत कधीपासून सुरू केलीय, तेवढं सांगा."

डॉक्टर म्हणाल्या, "काय? दारू? थेंबसुद्धा नाही."

पत्नींना बसायचे होते. जवळ खुर्ची नव्हती. त्या वजनाच्या काट्यावर बसल्या. काटा हलत होता तो बराच वेळ थांबेना. मग मला म्हणाल्या, "नऊ वर्षं झाली हो सोडून." मी त्यांना काही विचारले नव्हते. मी चपला काढून मिस्त्रींच्या पायाशी ठेवल्या.

नंतर डॉक्टरांनी सगळे समजावून सांगितले. मला आठवते तसे सांगते. मेहुण्याची गोळी म्हणजे एकात दोन औषधे: एक साधे तापाचे आणि दुखण्याचे पॅरासिटामॉल, दुसरे त्याहून तेज, ट्रामाडॉल. साध्या गोळीने भागत नाही अशा मधल्या दुखण्याला ती देतात, थोडेच दिवस देतात, आणि माणूस बघून देतात. दोन औषधे मिळून काम करतात म्हणून प्रत्येकाचे प्रमाण कमी ठेवता येते. पण तेज औषधाने गुंगी येते. सर्दीच्या गोळीत झोप आणणारे औषध असते, ते त्याच्या जोडीला बसले. दोघांनी मिळून मिस्त्रींना कपाटात झोपवले. जास्त झाले तर श्वासही मंदावतो, म्हणून त्या मघाशी श्वास मोजत होत्या.

मिस्त्री म्हणाले, "मी झोपलो नव्हतो. दारातून उजेड कुठून येतो ते बघायला आत शिरलो, दार लावून घेतलं आणि पडल्या पडल्या फटी बघत होतो."

"सापडल्या का?"

"एकही नव्हती. म्हणून डोळे मिटले असतील."

डॉक्टर हसल्या, मग थांबल्या. म्हणाल्या, "काका, हसायचं सोडा. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल आहे. साधी गोळी तर पॅरासिटामॉलच आहे. नावं तीन, रंग तीन, आणि आत औषध तेच. तुम्हाला वाटतंय तीन दुखण्यांना तीन गोळ्या. तुमच्या यकृताला एकाच औषधाचे तीन हप्ते गेलेत. आणि यकृत लगेच ओरडत नाही. आज माणूस ठणठणीत दिसतो, दोन दिवसांनी पिवळा पडतो. रक्त तपासल्याशिवाय मी सोडणार नाही."

पत्नी काट्यावरून उठल्या. त्यांनी तिथल्या तिथे भावाला फोन लावला. "दादा, तुझ्या गुडघ्याच्या गोळीला यांचा खांदा कसा सापडणार होता रे?" पुढचे बोलणे बहीण-भावातले आहे, ते नोंदवू नये. शेवटी त्या म्हणाल्या, "उरलेल्या सगळ्या घेऊन ये. इथं दवाखान्यात. आत्ता."

शेवटच्या गोळीनंतर ठरावीक वेळ गेल्यावरच रक्त घेतात, म्हणून आम्ही बाकावर बसलो. मिस्त्रींना दर थोड्या वेळाने जागे करायचे होते. ते काम पत्नींनी कोपराने केले. मी चहा आणला. कपाट किती छान झालेय ते मी सांगत होते, कारण दुसरे जे सांगायचे होते ते जमत नव्हते. मिस्त्रीच म्हणाले, "बाई, मी तुमच्या जागी असतो तर आधी करवत घेतली असती." त्यावर पत्नी हसल्या, आणि मग मला बोलता आले. काय बोलले ते त्यांना माहीत आहे.

रक्ताचा अहवाल आला. औषध जास्त होते, पण धोक्याच्या रेषेखाली. यकृत ठीक. डॉक्टर म्हणाल्या, "नशीब म्हणू नका, थोडक्यात वाचलात म्हणा." येत्या दोन दिवसांत पुन्हा रक्त तपासायचे आहे.

पत्नींनी विचारले, "मग दुखतंय त्याचं काय करायचं? सोसायचं?"

"सोसायचं कशाला? एकच गोळी देते, हलकी. लिहिलीय तितकीच, लिहिलंय तितक्याच अंतरानं, आणि तीही उद्यापासून. दुखणं कमी नाही झालं तर माझ्याकडे या, दुसऱ्या गोळीकडे जाऊ नका. सर्दीला वाफ घ्या. हात गळ्यातल्या झोळीत ठेवा. आणि पुढे कधी ही दोन औषधांची गोळी कुणी दिलीच, तर त्या दिवसांत करवत नाही, शिडी नाही, गाडी नाही. दारू तर नाहीच."

"ती तर नाहीच," असे पत्नी आणि मिस्त्री एकदम म्हणाले.

सरही आमच्या मागोमाग आले होते आणि इतका वेळ दारात सावधान उभे होते. ते पुढे येऊन हळूच म्हणाले, "डॉक्टर, मी मानेसाठी एक घेतो आणि पाठीसाठी एक..." आणि खिशातून दोन पाकिटे काढली. डॉक्टरांनी ती उलटून मागचे बारीक अक्षर वाचले आणि एक परत दिले, एक दिले नाही. सरांनी शिट्टी खिशात घातली.

असे सगळे नीट झाले असता मी आज पुन्हा का आले, असे जमादार विचारतात. काल सकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी मिस्त्रींना निरोप पाठवला की स्वयंपाकघरातल्या फळ्यांचे काम आता नको. समोरच्या इमारतीतूनही एक काम गेले. मिस्त्रींनी मला सांगितले नाही, पत्नींनी सांगितले. सुताराला लोक घरात घेतात, कपाटे उघडी टाकून बाहेर जातात. ते विश्वासावर चालते. माझा आवाज जिन्यातून खाली गेला, आणि आवाज परत वर आणता येत नाही. म्हणून हा जबाब.

जमादार म्हणाले, "बाई, तक्रार मागे घेते एवढी एक ओळ पुरे." मला एक ओळ पुरत नाही. परवा त्यांनी माझे सगळे लिहून घेतले होते, आजही घ्यावे. या जबाबाची एक प्रत मला मिळावी. आज संध्याकाळी सर ती आमच्या जिन्यात, प्रत्येक मजल्यावर थांबून, वाचणार आहेत. त्यांच्या आवाजाला समोरची इमारतही पुरत नाही. मी शेजारी उभी राहणार आहे. दुसऱ्या मजल्यावर जरा जास्त वेळ.

माझी मिस्त्रींविरुद्ध कसलीही तक्रार नाही. मी हे कोणाच्या दबावाखाली सांगत नाही. चहा मीच पाजला आहे.

वरील मजकूर जमादारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला व तो मी सांगितला तसाच आहे. मी तो स्वतःही एकदा वाचला, आणि मिस्त्रींच्या नावापुढे जिथे जिथे "दारू" आहे तिथे तिथे "नाही" आहे, याची खात्री करून खाली सही केली आहे.